पैनगंगा बुलढाण्यात उगम पावते, पण तिच्यावर होडीची शर्यत का होत नाही?

कॅनडामध्ये दरवर्षी उन्हाळ्यात एक अचाट शर्यत होते. नाव आहे युकॉन रिव्हर क्वेस्ट. व्हाईटहॉर्स नावाच्या गावातून होड्या निघतात आणि डॉसन सिटी या जुन्या सोनं-खाणीच्या गावात पोहोचतात. मधलं अंतर ७१५ किलोमीटर. सगळं नदीतून, हाताच्या जोरावर. जून महिन्यात तिथे रात्र जवळपास होतच नाही, त्यामुळे लोक दिवस-रात्र वल्ही मारत राहतात. जिंकणाऱ्यांनाही साधारण दोन दिवस लागतात.

आता एक आकडा बघा. पैनगंगा नदीची लांबी सुमारे पावणेसातशे किलोमीटर मानली जाते. म्हणजे जवळजवळ तेवढीच. बुलढाणा शहराजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत तिचा उगम होतो. मेहकरला शारंगधर बालाजीच्या गावाला वळसा घालून ती वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असं करत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला जाऊन मिळते. विदर्भ आणि मराठवाड्याची हद्द बऱ्याच ठिकाणी हीच नदी आखते.

मग प्रश्न सोपा आहे. कॅनडात जमतं ते इथे का नाही? बुलढाण्याच्या पोरांनी होडी उगमाजवळ पाण्यात सोडली आणि संगमावर काढली, असं का होऊ शकत नाही?

"आपल्याकडे तशी आवड नाही" हे या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर, पण ते खरं नाही. महाराष्ट्रात होड्यांच्या शर्यती होतात, त्या बघायला गर्दीही होते. ज्या खेळाला इंग्रजीत रोइंग म्हणतात, त्यात महाराष्ट्राच्या एका दुष्काळी गावचा मुलगा ऑलिम्पिकपर्यंत गेला आहे. खरं उत्तर पाण्यात आहे. नदी असणं आणि नदीत वल्हवण्याजोगं पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी सांगलीला जाऊया.

सांगलीत पावसाळ्यात कृष्णा भरली की होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, कवठेपिरान, समडोळी, कसबे डिग्रज अशा कृष्णा-वारणा काठच्या गावांचे संघ उतरतात. गावोगावच्या या संघांची नावंही थेट 'अमुक बोट क्लब', 'तमुक बोट क्लब' अशी असतात. हा क्लब म्हणजे खुर्च्या टाकून चहा पिण्याची जागा नव्हे. गावातली तरणी पोरं, एक लाकडी होडी आणि सरावासाठी नदी, एवढ्यावर तो चालतो. शर्यतीच्या दिवशी घाट आणि १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल माणसांनी भरून जातो. कुस्तीच्या फडाला असतो तसाच इथला माहोल. गावाची इज्जत पणाला लागलेली असते आणि हरलेला संघ पुढच्या वर्षीची भाषा करत घरी जातो.

सांगलीतच हे का रुजलं? कारण तिथे होडी ही आधी गरज होती, खेळ नंतर झाला. पूल नव्हते तेव्हा पलीकडच्या शेतात, बाजारात, पाहुण्यांकडे जायचं तर नावेशिवाय पर्याय नव्हता. कृष्णेचं पात्र रुंद आणि खोल. वर महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात धो धो पाऊस, धरणांतून वर्षभर सुटणारं पाणी आणि जागोजागी पाणी अडवणारे बंधारे. त्यामुळे सांगलीजवळ नदीत बाराही महिने पाणी दिसतं. वल्हं मारायला शिकायचं तर आठवड्यातून चार-पाच दिवस पाणी हवं, वर्षातून चार-पाच दिवस नव्हे. सांगलीकडे ते आहे.

आता पुणे. इथली गोष्ट जास्त गंमतीची आहे, कारण इथे नदीपेक्षा बंधाऱ्याची करामत मोठी आहे.

पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ साली सुरू झाला. ज्या रस्त्यावर तो आहे त्या रस्त्याचं नावच बोट क्लब रोड पडलं. पुढे १९२८ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी संगमाजवळ आपल्या बोट क्लबचा 'रेगाटा' सुरू केला. रेगाटा म्हणजे होड्यांचा उत्सव. त्यात शर्यती असतात, कयाकची पाण्यावरची नृत्यरचना असते आणि अंधार पडल्यावर मशाली घेऊन केलेल्या कवायती असतात. तो बघायला पुणेकर काठावर गर्दी करतात.

पण मुळा-मुठा ही काही गंगा नाही. मग तिच्यात होड्या कशा चालल्या? उत्तर बंडगार्डनच्या नावातच आहे. 'बंड' म्हणजे बंधारा. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून नदीवर बंधारा बांधला गेला. हेतू होता पुण्याला पाणी मिळावं हा. बंधाऱ्यामागे पाणी थांबलं आणि एरवी उन्हाळ्यात खडक उघडे पडणाऱ्या नदीत संथ, भरलेला पट्टा तयार झाला. त्याच पाण्यावर पुढे पुण्याचं रोइंग उभं राहिलं. बंधारा बांधताना हा खेळ कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

आज त्याच पाण्याची अवस्था पुणेकरांना सांगायची गरज नाही. सांडपाणी आहे, वास आहे आणि उन्हाळा जवळ आला की जलपर्णीचा हिरवा गालिचा. काठावरून तो छान दिसतो, पण त्यात वल्हं अडकलं की होडी जागच्या जागी फिरते. म्हणजे पाणी थांबवल्यावर काम संपत नाही, थांबलेलं पाणी स्वच्छही ठेवावं लागतं. ते जमलं नाही तर दीडशे वर्षांचा क्लब असूनही सराव करायला जागा उरत नाही.

इथे एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण सोशल मीडियावर होडीच्या सगळ्या शर्यती एकाच टोपलीत टाकल्या जातात. केरळच्या नेहरू ट्रॉफीत शंभरेक माणसं एका लांबलचक सर्पनौकेत बसतात, तोंड पुढे करून हातातल्या सुट्या वल्ह्याने पाणी मागे ढकलतात. युकॉनच्या कनू आणि कयाकमध्येही तसंच. याला पॅडलिंग म्हणतात. रोइंगमध्ये खेळाडू उलटा बसतो. त्याची पाठ शर्यतीच्या दिशेला असते. वल्हं होडीच्या बाजूला लोखंडी आधारात अडकवलेलं असतं आणि बसायची पाटी रुळावर मागे-पुढे सरकते. त्यामुळे जोर दंडाचा वाटला तरी मुख्य काम मांड्यांचं असतं. पाय ताठ होतात, पाठ मागे जाते, मग हात ओढतात.

एकट्याच्या स्पर्धेची होडी म्हणजे सिंगल स्कल. लांबी साधारण आठ मीटर, म्हणजे दोन मोटारी एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी. रुंदी मात्र माणूस कसाबसा मावेल इतकीच. नियमाप्रमाणे वजन किमान १४ किलो. म्हणजे सायकलएवढी हलकी आणि वाऱ्याची झुळूक आली तरी डळमळणारी. अशी होडी खळाळत्या, दगडगोट्यांच्या पात्रात घातली तर पहिल्याच धडकेत तिचा भुगा होईल. म्हणून ऑलिम्पिकची रोइंग स्पर्धा नदीच्या प्रवाहात होत नाही. ती होते २००० मीटरच्या सरळ, संथ पाण्यावर. त्याला खोलीही लागते. पाणी उथळ असलं की होडीने उठवलेली लाट तळाला लागते आणि होडीच मागे ओढते. दोन-तीन मीटरच्या खाली खोली गेली की वेग मार खातो.

लांब पल्ल्याच्या शर्यतींचा हिशोब वेगळा असतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात १८२९ पासून चालत आलेली शर्यत आहे. लंडनमध्ये थेम्स नदीवर ६.८ किलोमीटर. तिथे समुद्राची भरती नदीत आत येते आणि शर्यत मुद्दाम त्या भरतीच्या लोंढ्यावर स्वार होऊन घेतली जाते. दोन्ही संघांची सगळी धडपड प्रवाहाचा सर्वात जोरकस पट्टा पकडण्यासाठी असते. वळणावर आतल्या बाजूने गेलं तर अंतर वाचतं, पण प्रवाहाचा जोर दुसरीकडेच असू शकतो. २००० मीटरच्या शर्यतीत फक्त ताकद आणि दम लागतो. नदीवरच्या लांब शर्यतीत नदी वाचावी लागते.

त्याच थेम्सवर आणखी एक प्रकार आहे, 'हेड रेस'. शेकडो होड्या एकदम सोडता येत नाहीत, म्हणून त्या काही सेकंदांच्या अंतराने एकामागोमाग सुटतात आणि प्रत्येकीची वेळ घड्याळावर मोजली जाते. पुढची होडी गाठणं हा त्यातला खरा आनंद. आपल्याकडे कधी नदीवर लांब शर्यत घ्यायची झाली तर हाच प्रकार सोयीचा पडेल, कारण पात्र अरुंद असलं तरी चालतं.

पण पात्रात पाणी तर हवं.

पुन्हा पैनगंगेकडे येऊया. कागदावर पावणेसातशे किलोमीटर असलेली ही नदी पावसावर जगते. विदर्भात पाऊस जून ते सप्टेंबर. त्या काळात पैनगंगा येते तशी येते, गढूळ आणि रागीट, झाडं-झुडपं ओढत. पाऊस थांबला की काही आठवड्यांत पात्र आक्रसतं. उन्हाळ्यात वरच्या भागात डोह सोडले तर माणूस चप्पल न भिजवता पलीकडे जाऊ शकतो. खाली खडक काळा बसाल्ट. तो पाणी फारसं धरून ठेवत नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतर झऱ्यांनी नदी वाहती राहील अशी आशाही थोडीच. युकॉन नदीला हिमनद्या आणि बर्फ पाणी पुरवतात, तेही ऐन उन्हाळ्यात. पैनगंगेचा उन्हाळा नेमका उलटा.

शिवाय वाटेतले अडथळे. उगमापासून थोड्याच अंतरावर येळगाव धरण, ज्याचं पाणी बुलढाणा शहर पितं. पुढे हिंगोली-यवतमाळच्या सीमेवर ईसापूरचं मोठं धरण. त्याखाली सहस्रकुंडाचा धबधबा, जिथे नदी काळ्या कातळावरून खाली कोसळते. तिथे होडी घेऊन जाणाऱ्याला शर्यत जिंकण्यापेक्षा जिवंत परतण्याची चिंता करावी लागेल.

मग बुलढाणा जिल्ह्यात दुसरं पाणी आहे का? आहे, आणि त्याची गंमतही मोठी आहे. या जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. एक उत्तरेकडची, जी तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. दुसरी दक्षिणेकडची, जिला खडकपूर्णा म्हणतात, ती गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात. मधल्या डोंगररांगेवर पडलेला पावसाचा थेंब इकडे घरंगळला की गुजरातेत, तिकडे घरंगळला की आंध्रात.

लोणारचं सरोवर तर जगप्रसिद्ध. उल्कापाताने झालेल्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आतल्या पाण्याचा सुमारे १.२ किलोमीटर. म्हणजे आंतरराष्ट्रीय शर्यतीचे २००० मीटर त्यात बसतच नाहीत. आणि बसले असते तरी तिथे वल्ही मारायला कुणी देऊ नये. ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली पाणथळ जागा आहे आणि त्याचं खारं, क्षारयुक्त पाणी हीच त्याची जिवंत प्रयोगशाळा आहे.

राहिली धरणं. देऊळगाव राजा तालुक्यातलं खडकपूर्णा धरण, ज्याच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात, कारण चोखामेळ्यांचं जन्मगाव मेहुणा राजा याच तालुक्यात आहे. मोताळ्याकडचं नळगंगा धरण. वल्हवण्याजोगं संथ आणि खोल पाणी असलंच तर ते इथे. नाशिकमध्ये केटीएचएम कॉलेजचा बोट क्लब गोदावरीच्या काठी चालतो. तिथेही सोबत आहे ती अडवलेल्या पाण्याचीच. महाराष्ट्राच्या पठारावर रोइंग हा नदीचा खेळ नाहीच, तो बंधाऱ्याचा आणि धरणाचा खेळ आहे.

त्यातही अडचण आहे. दुष्काळी वर्षात धरणाचा तळ दिसू लागतो. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, मग शेतीचा. खेळाचा नंबर त्यानंतर, आणि तो तसाच असायला हवा.

मग दुष्काळी भागातल्या पोरांसाठी हा खेळ बंदच म्हणायचा का? इथे दत्तू भोकनळचं नाव घ्यावं लागतं.

दत्तू नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, गाव तळेगाव रोही. हा कायम टँकरची वाट बघणारा पट्टा. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर मजुरी करायचे आणि दत्तूनेही त्यांच्याबरोबर ते काम केलं. पाण्यासाठी जमीन फोडणाऱ्या घरातला हा मुलगा २०१२ साली सैन्यात भरती झाला. पुण्यात त्याची उंची बघून त्याला रोइंगकडे वळवण्यात आलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. सीएमई म्हणजे सैन्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. दापोडीजवळच्या त्याच्या आवारात रोइंगसाठी सरळ कालवा आहे आणि तिथेच आर्मी रोइंग नोड हे प्रशिक्षण केंद्र. दत्तू तिथे घडला.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला भारतातून एकटा दत्तू गेला. सिंगल स्कलमध्ये तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि एकूण क्रमवारीत १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियातल्या पालेम्बांग इथे २३ ऑगस्टला एकट्याच्या अंतिम शर्यतीत तब्येतीने साथ सोडली आणि तो सगळ्यात शेवटी आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक जिंकलं. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला.

ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून हजारदा शेअर झाली आहे, पण तिच्यातला एक भाग सहसा सुटतो. दत्तूला पाणी गावात मिळालं नाही, सैन्यात मिळालं. तो भरतीत निवडला गेला नसता तर देशाला हा रोअर कळलाच नसता. बुलढाण्यातूनही सैन्यात मोठ्या संख्येने मुलं जातात. त्यांच्यात असे लांब हातापायांचे किती जण असतील याचा अंदाज आज कुणालाच करता येणार नाही, कारण त्यांना वल्हं हातात घेऊन कुणी कधी बघितलेलंच नाही.

होडीचा प्रश्न फक्त पदकांचाही नाही. २०२३ च्या जुलैमध्ये बुलढाण्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावं पाण्यात गेली. त्याच दिवसांत पैनगंगेच्याच खोऱ्यात, यवतमाळच्या महागाव तालुक्यात, अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. ज्या भागात वर्षातले आठ महिने पाणी नसतं, तिथे पूर आला की गावात होडी नसते आणि ती चालवणारा हातही नसतो. मदत बाहेरून येईपर्यंत छपरावर बसून राहायचं.

सांगलीकडे बघितलं तर फरक कळतो. आयर्विन पुलाखाली पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली होती. त्या पुरात काठच्या गावांमधली वल्हं मारणारी पोरंही लोकांना बाहेर काढायला पाण्यात उतरली. आणि त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला, हेही विसरता येत नाही. होडीत किती माणसं घ्यायची, प्रवाहात तिचं तोंड कुठे ठेवायचं, उलटली तर काय करायचं, हे पुराच्या दिवशी शिकता येत नाही. ते आधीच्या वर्षभराच्या सरावातून येतं. सरावाला कारण लागतं, आणि गावोगावच्या शर्यती ते कारण पुरवतात.

पुढे पाणी वाढेलही. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पात गोसीखुर्दचं पाणी चारशेहून जास्त किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत आणायचं ठरलं आहे. तिकडे पूर्णेवर नांदुऱ्याजवळ जिगाव प्रकल्प अनेक वर्षं रखडत पुढे सरकतोय. हे पाणी आधी शेतात जाईल, आणि जायलाच हवं.

तोवर वाट बघत बसण्याची मात्र गरज नाही. रोइंगमध्ये खेळाडू निवडताना पहिली चाचणी पाण्यावर होत नाही, एर्गोमीटर नावाच्या मशीनवर होते. जिममध्ये दिसतं तेच ते, सरकती पाटी आणि ओढायची साखळी असलेलं. त्यावर २००० मीटर ओढून दाखवायचे आणि वेळ बघायची. उंची, हातांची लांबी आणि ही वेळ यावरून पोरात दम आहे की नाही हे कळतं. त्यासाठी धरण लागत नाही, जलसंपदा खात्याची परवानगीही लागत नाही. एक खोली, एक मशीन आणि वेळ लिहून ठेवणारा एक शिक्षक मेहकर, चिखली किंवा देऊळगाव राजाच्या एखाद्या कॉलेजात सहज बसू शकतो. पाण्याचं काम पुढच्या टप्प्यात, आणि तेव्हा चोखासागर जवळच आहे.